वजन उतरतं तेव्हा चेहऱ्याचं काय होतं?

दोन माणसं सारखंच वजन कमी करतात, समजा १२ किलो. एकाला लोक म्हणतात, "अरे, कॉलेजातला वाटायला लागलास!" दुसऱ्याला विचारतात, "मध्ये बरं नव्हतं का?" काटा दोघांचाही तेवढाच खाली आलेला आहे, कपडे दोघांचेही सैल झालेत. पण पहिला २८ वर्षांचा आहे आणि दुसरा ५४चा.

वजन आणि दिसणारं वय यांचं नातं सरळ रेषेत चालत नाही. तरुणपणी ते एका बाजूला झुकलेलं असतं आणि पुढे उलटं फिरतं. याचा सगळ्यात सुंदर पुरावा जुळ्यांकडून मिळाला. अमेरिकेत ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाचं एक शहर आहे, तिथे दरवर्षी जुळ्यांचा मेळा भरतो. प्लास्टिक सर्जन बहमन गुयुरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेळ्यात एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १८६ जोड्यांचे फोटो काढले, त्यांच्या सवयींची माहिती घेतली आणि मग परीक्षकांना ते फोटो पाहून दोघांच्या दिसणाऱ्या वयातला फरक नोंदवायला सांगितलं. या जुळ्यांची जनुकं तीच, जन्मतारीखही तीच. त्यामुळे चेहऱ्यांत जी तफावत दिसते, ती बहुतांशी जगण्यातून आलेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की चाळिशीच्या आत उंचीच्या मानानं ज्याचं वजन जास्त, तो आपल्या जुळ्या भावंडापेक्षा वयस्कर वाटतो. चाळिशीनंतर पारडं फिरतं आणि अंगानं भरलेलं भावंड तरुण दिसू लागतं.

चरबी गेल्यामुळे कोणी रातोरात म्हातारं होत नाही. चेहऱ्याचं वय आत आत वाढतच असतं, चरबीनं ते भरून काढलेलं असतं, आणि ती ओसरली की ते उघडं पडतं. किती उघडं पडणार हे नुसते किलो ठरवत नाहीत. तुमचं वय, वजन उतरण्याचा वेग आणि कातडीची अवस्था यांचा त्यात मोठा हात असतो. हे नीट समजून घेतलं तर "चेहरा खराब होतो" म्हणून वजन कमी करायचं टाळणारे आणि आकड्याच्या मागे लागून गालफडं बसेपर्यंत उपाशी राहणारे, दोघांनाही उपयोग होईल. मला दोघांचीही सारखीच काळजी वाटते.

गालाच्या आत

चेहऱ्यावरची चरबी सगळीकडे सलग पसरलेली असेल असं बरीच वर्षं मानलं जायचं. २००७ मध्ये रॉड रोरिच आणि जोएल पेसा या शल्यचिकित्सकांनी मृतदेहांच्या चेहऱ्यात रंग टोचून पाहिला, तेव्हा तो सगळीकडे पसरला नाही, ठरावीक हद्दीपाशी थांबला. म्हणजे चरबी वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असते. कपाळाचे कप्पे वेगळे, डोळ्यांभोवतीचे वेगळे, गालाचे वेगळे, जबड्याजवळचे वेगळे. शिवाय त्यांचे दोन थर असतात, एक कातडीलगतचा आणि दुसरा खोल, हाडाजवळचा.

गालाच्या मधल्या भागातला खोल थर हा चेहऱ्याचा मुख्य आधार. तो भरलेला असला की गाल पुढे आलेला दिसतो, डोळ्याखालचा भाग आणि गाल यांच्यात खाच दिसत नाही, नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी उथळ राहते. हा थर वयाप्रमाणे आपोआपच पातळ होत जातो. वजन स्थिर असलेल्या माणसाचाही होतो. कानशिलांवरची चरबीही ओसरते. जबड्याच्या कडेची चरबी मात्र तितक्या सहज हटत नाही, उलट खाली सरकून लोंबल्यासारखी दिसते.

कातडी आणि हाड यांना बांधून ठेवणारे काही चिवट बंध चेहऱ्यात असतात. गालाच्या हाडावर आहेत, तसेच जबड्याच्या कडेवर, हनुवटीच्या थोडं मागे आहेत. हे बंध जागचे फारसे हलत नाहीत. त्यांच्यामधला भाग चरबीनं ताणून धरलेला असतो, आणि ती आटली की दोन बंधांमधला तो भाग खाली झुकतो. जबड्याची रेष सरळ न दिसता मध्येच फुगवटा, मग खाच, मग हनुवटी अशी वळणावळणाची दिसायला लागते, ती या खेचाखेचीमुळे.

हे स्वतःच्या चेहऱ्यावर पाहता येतं. हातआरसा घ्या आणि पाठीवर उताणं झोपून त्यात बघा. गाल कानांकडे सरकतात, जबड्याची रेष स्वच्छ होते, डोळ्यांखालची खाच जवळजवळ नाहीशी होते. आता उठून बसा, आरसा मांडीवर ठेवा आणि मान खाली घालून त्यात पाहा. सगळं पुढे लोंबतं, नाकाशेजारच्या घड्या खोल होतात. पंचविशीत या दोन चेहऱ्यांत फारसा फरक नसतो. चाळिशीनंतर तो ठळक होतो, आणि भरपूर वजन उतरलेल्या माणसात तर फारच. हाड तेच, कातडी तीच. बदललंय ते दोन्हींच्या मधलं भरण.

आता डोक्यावरचा एकच दिवा लावून त्याच्या बरोबर खाली उभे राहा आणि आरशात पाहा, मग खिडकीसमोर तोंड करून पाहा. दिव्याखाली तुम्ही पाच-सात वर्षं मोठे वाटाल. समोरचा माणूस आपल्या वयाचा अंदाज बांधतो तो सुरकुत्या मोजून नव्हे. त्याचा डोळा सावल्या वाचतो. डोळ्याखालची सावली, गालाच्या हाडाखालची सावली, ओठाच्या कोपऱ्याची सावली. भरलेल्या गालावर उजेड सलग पसरतो, बसलेल्या गालावर तो तुटतो. म्हणूनच एकही नवी सुरकुती नसताना वजन उतरलेला माणूस थकलेला वाटतो, आणि म्हणूनच लिफ्टच्या आरशात आपण स्वतःलाच ओळखू येत नाही.

मग विशीतल्या माणसाला चरबी गेल्याचा फायदा का होतो? कारण त्याच्या खोल थरातलं भरण शाबूत असतं. त्याचं वजन उतरतं तेव्हा हनुवटीखालची वळी, जबड्यावरचा थर, फुगलेल्या पापण्या हे वरचं जादाचं जातं. जबडा दिसू लागतो, मान लांब वाटते. तरुण चेहऱ्यात आपण जे पाहतो ते सगळं आत तयारच असतं. पन्नाशीतल्या चेहऱ्यात त्या भरणापैकी बरंच आधीच गेलेलं असतं आणि वरच्या चरबीनं ती उणीव भरून काढलेली असते. ती वरची चरबीही गेली की खालची पोकळी दिसते.

पोटाचीच तेवढी का जात नाही?

हा प्रश्न सगळेच विचारतात. शरीरात साठलेली चरबी वापरायला काढायची तर ती रक्तात सोडावी लागते, आणि तो हुकूम संप्रेरकांमार्फत सगळ्या चरबीला एकदमच जातो. कुठून किती सुटेल हे आनुवंशिकता, लिंग आणि वय ठरवतात. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी काढता येत नाही, तसंच गालाची तेवढी वाचवताही येत नाही. काही जणांच्या चेहऱ्यावर पहिल्या पाच किलोंतच दिसतं, काहींच्या पंधरा किलो गेल्यावरही गाल गोलच राहतात. आईवडिलांचे त्यांच्या बारीक दिवसांतले फोटो पाहिलेत तर थोडाफार अंदाज येतो.

चरबीच्या पेशी मात्र जात नाहीत. २००८ मध्ये स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी एका विलक्षण मार्गानं हे दाखवलं. गेल्या शतकाच्या मध्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं होतं. तो कार्बन माणसांच्या पेशींत उतरला, आणि त्यावरून पेशी कधी जन्मली हे काढता आलं. प्रौढ माणसात चरबीच्या पेशींची एकूण संख्या जवळपास कायम राहते, दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरून तेवढ्याच नव्या येतात, आणि भरपूर वजन उतरल्यावरही संख्या तीच राहते. फक्त प्रत्येक पेशी आक्रसते. गाल बसतात म्हणजे काय, हे यावरून समजतं. आतल्या पेशी तिथेच असतात, पण रित्या झालेल्या. पुन्हा वजन वाढलं की त्या पुन्हा भरतात, आणि भरताना गालाआधी पोट भरलं तर त्यावर आपला काही ताबा नसतो.

कातडी किती आवरून घेईल?

आतलं भरण कमी झाल्यावर वरची कातडी आक्रसली असती तर एवढा प्रश्न आलाच नसता. तरुण वयात ती बऱ्यापैकी आक्रसते. हे काम मुख्यतः दोन प्रथिनांचं. कोलॅजेन कातडीला मजबुती देतं आणि इलॅस्टिन ताणल्यावर परत जागेवर आणतं. कोलॅजेन शरीर आयुष्यभर बनवत राहतं, पण प्रौढपणी दरवर्षी साधारण एक टक्क्यानं ते घटत जातं. बायकांमध्ये पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत ही घसरण एकदम वेग घेते, त्या काळात कातडीतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं. याच वयात वजन वाढतं, याच वयात डॉक्टर ते उतरवायला सांगतात आणि याच वयात कातडीची आवरून घ्यायची ताकद ओसरत असते. हे तिन्ही एकाच वेळी गाठतं म्हणून पन्नाशीच्या आसपासच्या बायकांना हा बदल सगळ्यात जास्त टोचतो. त्यांनी चेहऱ्याबद्दल विचारलं तर त्याला नखरा समजू नये.

इलॅस्टिनची गोष्ट आणखी कठीण. ते बहुतांशी जन्माआधी आणि लहानपणी तयार होतं, नंतर फारच थोडं. निरोगी इलॅस्टिन दशकानुदशकं टिकतं, पण एकदा बिघडलं की शरीर तसंच नवं विणून देत नाही. ऊन आणि तंबाखू त्याचे मुख्य शत्रू. तिसरा म्हणजे दीर्घकाळचा ताण. पंधरा-वीस वर्षं ताणलेल्या कातडीतले तंतू तुटलेले, विरळ झालेले आढळतात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी वाढलेलं वजन उतरवणारा आणि लहानपणापासून जाड असलेला, दोघांनी सारखेच किलो गमावले तरी दुसऱ्याची कातडी जास्त सैल राहते. वजन पुन्हापुन्हा वीस किलोंनी वरखाली करणाऱ्यांचंही तसंच होतं. दर फेरीत कातडीला ताण बसतो आणि दर फेरीच्या वेळी वय थोडं पुढे गेलेलं असतं.

तरी वजन उतरल्या दिवशी जी कातडी दिसते ती शेवटची नव्हे. ती आवरून घेण्याचं काम पुढे कित्येक महिने चालू असतं, वर्षभर किंवा त्याहूनही जास्त. वजन उतरत असताना दर आठवड्याला फोटो काढून निराश होण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा चरबी कातडीच्या पुढे पळत असते.

चेहऱ्याचं हाडसुद्धा वयाबरोबर बदलतं, हे थोडक्यात सांगून पुढे जातो. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, वरचा जबडा मागे जातो, दात गेलेले असतील तर आणखीच. वजनाशी याचा थेट संबंध नाही, पण चरबीचा पडदा गेल्यावर हेही दिसू लागतं. केसांचं मात्र नीट लक्षात ठेवावं. वजन झपाट्यानं उतरलं की दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळायला लागतात. विरळ केस आणि बसलेले गाल एकदम आले की माणूस हादरतो. हे गळणं बहुतेक वेळा तात्पुरतं असतं, खाणं पुरेसं असेल तर सहसा सहा महिन्यांत थांबतं आणि केस परत येतात.

चेहरा एक सांगतो, चाल दुसरं

आतापर्यंत सगळं चेहऱ्याचंच बोललो, पण माणसाचं वय काही फक्त चेहऱ्यावरून ओळखलं जात नाही. वीस पावलांवरून येणाऱ्या माणसाचा चेहरा नीट दिसतच नाही. दिसते ती चाल, खांद्यांची ठेवण, पायऱ्या चढताना कठड्याला हात लागतो की नाही, खुर्चीतून उठताना हातांचा आधार घेतो की नाही. वजन उतरलेल्या माणसाचं हे सगळं सुधारतं. गुडघ्यांवरचा भार कमी होतो, दम लागत नाही, पाऊल लांब पडतं. लांबून तो दहा वर्षांनी तरुण आणि हाताच्या अंतरावरून पाच वर्षांनी मोठा, असा विचित्र खेळ होतो.

माझ्या ओळखीतल्या एक बाई आहेत, साठीला आलेल्या. गुडघ्यांसाठी वजन उतरवलं. आता त्या जिना मधे न थांबता चढतात, जमिनीवर मांडी घालून बसतात आणि एका झटक्यात उठतात. पण फोटो काढायची वेळ आली की मागे सरकतात, कारण भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "अहो, तब्येत बरी आहे ना?" त्या जिन्याबद्दल कोणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ओळखीच्यांच्या या प्रतिक्रियेचं एक कारण असं, की ते आपल्या आजच्या चेहऱ्याची तुलना त्यांच्या डोक्यात बसलेल्या जुन्या चेहऱ्याशी करतात. त्यांना वय दिसत नाही, फरक दिसतो. आणि अचानक बारीक झालेला चेहरा म्हटला की आपल्या मनात पहिली शंका आजारपणाचीच येते. जो तुम्हाला आज पहिल्यांदा भेटतोय त्याच्याकडे तो जुना चेहरा नसतो. ओळखीच्यांचीही नजर काही महिन्यांत सरावते, आणि मग "बरं नव्हतं का?" हा प्रश्न बंद होतो.

फरक किती किलोंना दिसतो, याचंही मोजमाप झालंय. टोरंटो विद्यापीठाच्या डॅनियल रे आणि निकोलस रूल यांनी चेहऱ्यांचे फोटो टप्प्याटप्प्यानं बारीक-जाड करून लोकांना दाखवले. सरासरी उंचीच्या बाईच्या चेहऱ्यात साधारण साडेतीन किलोंचा आणि पुरुषाच्या चेहऱ्यात चार किलोंचा बदल झाला तरच तो लोकांच्या ध्यानात आला. त्याआधी आरशात रोज जे शोधतो ते फक्त आपल्यालाच दिसत असतं.

याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून पाहा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात वजन ७ टक्के कमी करण्याचं आणि आठवड्याला किमान दीडशे मिनिटं हालचालीचं उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. म्हणजे चेहऱ्यावर फरक जेमतेम दिसू लागतो, तेवढ्यातच तब्येतीचा मोठा लाभ पदरात पडलेला असतो. गाल पूर्ण बसेपर्यंत जाण्याची गरज बऱ्याच जणांना नसतेच. चाळिशीनंतर "लग्नातल्या वजनावर परत यायचं" हे ध्येय मला म्हणूनच पटत नाही. त्या वजनाला त्या वयाचं भरण आणि त्या वयाची कातडी होती.

औषधांनी आलेली घाई

सेमाग्लुटाइड हे औषध ओझेम्पिक या नावानं अमेरिकेत २०१७ मध्ये मधुमेहासाठी आलं आणि २०२१ मध्ये वेगोवी या नावानं वजनासाठी. त्यानंतर हे औषध घेणाऱ्यांच्या बसलेल्या चेहऱ्यासाठी "ओझेम्पिक फेस" हा शब्द सगळीकडे झाला आणि औषध चेहऱ्यावर हल्ला करतं असा समज पसरला. हे औषध भूक कमी करतं आणि पोट रिकामं होण्याचा वेग मंदावतं. वजनासाठीच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. नंतर आलेल्या टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनं ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. ९० किलोच्या माणसासाठी हे १३ ते १९ किलो झाले. एवढं वजन दीड वर्षाच्या आत कोणत्याही मार्गानं उतरलं, डाएटनं असो की शस्त्रक्रियेनं, तर मध्यमवयीन चेहरा असाच दिसेल.

खरोखर चेहऱ्याच्याच चरबीवर घाला घालणारी औषधं वैद्यकानं पाहिली आहेत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एचआयव्हीच्या रुग्णांना मिळणाऱ्या काही जुन्या औषधांनी, विशेषतः स्टॅव्हुडिननं, गाल आणि कानशिलांची चरबी नष्ट होऊ लागली. बाकी अंगावर वजन असूनही गालांत खड्डे पडत. जीव वाचलेली तरुण माणसं म्हातारी दिसू लागली, आणि चेहऱ्यावरून आजार ओळखला जाईल या भीतीनं काहींना औषधच नकोसं झालं. तो त्रास इतका मोठा मानला गेला की त्या खड्ड्यांत भरायच्या पॉली-एल-लॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनाला अमेरिकेत २००४ मध्ये खास याच रुग्णांसाठी मान्यता मिळाली. हळूहळू ती जुनी औषधं मागे पडली. आजच्या वजनाच्या औषधांमुळे दिसणारा बदल या जातीचा नाही, तो घाईघाईनं चरबी उतरल्याचा आहे.

या घाईत आणखी एक नुकसान होतं, स्नायूंचं. उतरलेल्या वजनात सगळी चरबीच नसते, काही हिस्सा स्नायू आणि इतर मांसल ऊतींचा असतो. खाणं फार कमी आणि हालचाल नाही अशा स्थितीत तो हिस्सा वाढतो. मानेत, खांद्यांत, दंडांत स्नायू घटले की माणूस किडमिडीत दिसतो, पाठीला पोक येतो आणि मघाशी सांगितलेला चालीचा फायदाही हातचा जातो.

काय करता येतं, काय नाही

वेग आपल्या हातात असतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा सगळीकडे सांगितला जाणारा वेग आहे. पन्नाशीच्या पुढे मी अर्ध्या किलोच्या बाजूला राहायला सांगेन. प्रथिनं पुरेशी हवीत. वजन उतरवत असताना शरीराच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम असा सल्ला साधारणपणे दिला जातो, मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायाम. त्यानं गाल भरत नाहीत, पण मान, खांदे आणि पाठ राहतात, आणि त्यांच्यामुळेच बारीक माणूस रोगट न वाटता काटक वाटतो.

कातडीसाठी सगळ्यात भक्कम पुरावा सनस्क्रीनचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे पंचावन्नच्या आतल्या ९०३ माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात हाताच्या पाठीवरच्या कातडीचं वय त्या काळात वाढलेलं आढळलंच नाही. सिगारेट सोडणं याच रांगेत येतं. चिठ्ठीवर मिळणारी ट्रेटिनॉइनसारखी क्रीम कोलॅजेन थोडं वाढवतात, पण गरोदरपणात ती चालत नाहीत आणि ती लावण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला हवाच. कोणतंही क्रीम गालात चरबी परत आणत नाही, डबीवर काहीही लिहिलेलं असो.

चेहऱ्याच्या व्यायामांबद्दल खूप विचारलं जातं. २०१८ मध्ये अमेरिकेत ४० ते ६५ वयाच्या बायकांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस आठवड्यांनंतर परीक्षकांनी फोटोंवरून लावलेला वयाचा अंदाज सरासरी ५०.८ वरून ४८.१ वर आला, गाल थोडे भरलेले वाटले. पण शेवटपर्यंत टिकल्या फक्त १६ जणी, आणि तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता. करून पाहायला हरकत नाही, पण रोज अर्धा तासच हाताशी असेल तर मी तो चालण्याला किंवा वजनं उचलण्याला देईन.

फिलर (कातडीखाली इंजेक्शननं भरायचा पदार्थ), स्वतःचीच चरबी काढून गालात भरणं, सैल कातडीची शस्त्रक्रिया, हे मार्ग आहेत आणि योग्य हातांत ते उपयोगी पडतात. मात्र वजन किमान तीन ते सहा महिने एका जागी थांबेपर्यंत त्यात पडू नये. मधेच भरलेला गाल वजन आणखी उतरल्यावर बेढब दिसू शकतो, आणि भरलेली चरबी ही जिवंत चरबी असल्यानं पुढे वजनाबरोबर तीही कमी-जास्त होते. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित कायमचं अंधत्व येतं. त्यामुळे ते प्रशिक्षित डॉक्टरकडेच, कुठल्याही सौंदर्यकेंद्रात नव्हे.

डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या १,८२६ जुळ्यांचे फोटो पाहून वयाचा अंदाज घेतला गेला आणि पुढे कोण किती जगलं ते तपासलं. जो वयस्कर दिसत होता तो आधी जाण्याची शक्यता जास्त निघाली. हा अभ्यासही २००९ चाच. तो वाचून काही जण घाबरतात, की गाल बसले म्हणजे आयुष्य घटलं. त्या वयात बारीक, खंगलेला चेहरा अनेकदा आतल्या आजाराची खूण असतो. ठरवून, खाऊनपिऊन आणि व्यायाम करून वजन उतरवलेल्या माणसाला तो निष्कर्ष तसाच लावता येत नाही.

न ठरवता वजन उतरत असेल तर मात्र गोष्ट पूर्ण वेगळी. खाणं-पिणं, हालचाल काहीच बदललं नाही आणि सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाचं साडेतीन किलोंच्या वर, तर चेहऱ्याची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, क्षयरोग, पचनाचे आजार, नैराश्य, कर्करोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं, आणि यातलं बरंचसं लवकर कळलं तर बरं होतं किंवा आटोक्यात राहतं. घरातल्या वयस्कर माणसाचे गाल बसलेले दिसले आणि ते "मला काही होत नाही" म्हणाले, तरी त्यांना एकदा काट्यावर उभं करा आणि आकडा तारखेसकट लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा मोजा, आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या.